लाल टॅग मी लावला होता

तुझ्यासाठी एक निरोप आला आहे. परवा दुपारी, तुझ्याच फोनवर. मी नीट ऐकून ठेवला आहे, देतो. पण आधी माझं सांगू दे. निरोप देऊन टाकला की मी उठून जाईन आणि माझं सांगायचं पुन्हा राहील. माझी सवय तुला माहीत आहे.

तू गेल्याला दीड महिना झाला. तेरवी आटोपली, पाहुणे गेले, विनोद ड्युटीवर परत लागला. रेल्वेतल्या पोराची आई गेली म्हणून गाड्या थांबत नाहीत. स्मृती नगरच्या घरात आता मी आणि सून. प्राची सकाळी माझी भाजीपोळी झाकून ठेवते आणि नेहरू नगरला तिच्या कोचिंग क्लासच्या ऑफिसात जाते. मग मी तुझ्या शिलाई मशीनसमोर बसतो. शिवणारं कोणी नाही, पण आठवड्याला तेल देतो. कावून देतो ते मला विचारू नको.

थकलो आहे. वयानं थकलो ते वेगळं. हे दुसरं आहे. पायरीवर बसलो तर उठताना वाटतं, कायले उठायचं.

चौथी शिकलेल्या माणसानं लिहायचं तरी किती. तू सातवी. त्या तीन वर्गांचा तोरा तू मला जन्मभर दाखवला. "कागदावर मले-तुले लिहू नका जी, लोक हासतात." म्हणून सांभाळून लिहितो आहे.

प्लांटमधल्या टॅगची गोष्ट तुला पाठ आहे, तरी मांडतो, कारण माझी चूक त्यातच बसली आहे. मी स्टील प्लांटात, रोलिंग मिलच्या मेंटेनन्सला होतो. मशीनमध्ये माणूस उतरणार असला की आधी तिचा स्विच बंद करायचा आणि स्विचवर लाल टॅग अडकवायचा. टॅगवर माझं नाव, माझा नंबर. मग फोरमन येवो की मोठा साहेब येवो, त्या टॅगला कोणी हात लावत नाही. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. आत कोण आहे हे त्यालाच माहीत असतं.

आणि एकदा मी तो काढायला विसरलो. शिफ्ट सुटली, सायकल काढली, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये येऊन जेवायला बसलो. दारात प्लांटची जीप. तुझा चेहरा पांढरा पडला, तुला वाटलं कोणाचं काही झालं. ड्रायव्हर म्हणाला, "भाभीजी, इनका टैग रह गया. पूरी मिल खड़ी है." तू इतकी हसली की हातातली पोळी खाली पडली. मी अर्ध्या जेवणावरून उठून जीपमध्ये बसलो, आणि तू फाटकाशी पदर तोंडाला लावून हसून राहिली. त्या दिवसापासून नळ चालू राहो, गॅस राहो, चष्मा राहो, तुझं एकच. "टॅग राहिला वाटते तुमचा."

तुझं ऑपरेशन झालं त्याला आता काही वर्षं झाली. छातीची डावी बाजू काढली. मी आडपडदा ठेवून बोलणारा माणूस नाही, पण त्या वेळी मला तोंड नव्हतं. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी तू म्हणाली, "एकदा पाहून घ्या जी. मंग मी झाकून टाकीन." मी म्हणालो, जेवण थंड होऊन राहिलं. तू ताट वाढलं. मी जेवलो. आज त्या जेवणात काय होतं तेही आठवत नाही, पण मी पाहिलं नाही, हे रोज आठवतं.

तीस वर्षं सेक्टरच्या बायांची ब्लाउजं शिवणारी तू, तेव्हा स्वतःच्या ब्लाउजपुढे किती दिवस बसून राहिली. नुसता कापूस भरला तर वर सरकायचा. खांदा एका बाजूला झुकायचा. मग एक दिवस मला सांगितलं, पावर हाउसच्या बाजारातून राई आणा. मी म्हणालो, एवढ्या राईचं लोणचं घालते का? "आणा तं." कापसात राई मिसळून तू पुरचुंडी शिवली. वजन आलं. ब्लाउजच्या आतून, अस्तराला खिसा शिवला, वरून उघडा, म्हणजे पुरचुंडी काढून ब्लाउज धुता येईल. त्या बाजूला उभाराचा टक्स घेतला नाही. हात सुजायचा म्हणून काखेतला मुंढा ढिला ठेवला. हुक समोरून. आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःलाच म्हणाली, "हव. आता झालं."

दवाखान्याच्या व्हरांड्यात एका बाईनं तुला हळूच विचारलं होतं, ताई, तुमचं कसं काय नीट दिसते. तिचंही तेच ऑपरेशन. घरी येऊन तू पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बाई हे कोणाले विचारन? टेलर तं माणूस. सासू तं सासू. नवरा तं ताटावर बसलेला." ते शेवटचं मला होतं. मला कळलं होतं. "बाई फोनले विचारन. दार लावून फोनले विचारन. तं फोननं सांगितलं पाह्यजे."

तिथून ते वेबसाइटचं खूळ निघालं. पावर हाउसला स्टेशनच्या बाजूला तो चष्मेवाला कॉम्प्युटरवाला आहे, त्यानं बनवून दिली. काय झगमग होती. आधी एक चक्कर गोल गोल फिरायची, मग फुलं उघडायची, मग तुझं नाव यायचं. छाती, कंबर, खांद्याचं माप टाका, कटिंगची आकृती आपोआप निघायची. साधं ब्लाउज, बोटनेक, कटोरी, आणि शेवटी ते ऑपरेशनवालं. तू सगळ्यांना दाखवली. आणि मग सहा महिने कोणी आलं नाही. एक माणूस नाही. तू रोज संध्याकाळी प्राचीला विचारायची, "आलं का वो कोणी?"

प्राची काही मोठी इंजिनिअर नाही. क्लासची वेबसाइट सांभाळते, व्हिडिओ पाहून पाहून शिकली. एका रविवारी लॅपटॉप घेऊन तुझ्याजवळ बसली. मी बाजूला पेपर घेऊन.

"आई, तुम्हाला जे दिसते ते नका पाहू. रोबोटला जे दिसते ते पहा."

"कोणता रोबोट?"

"सर्चवाला. तो सगळी पानं वाचत फिरतो, आणि कुठे काय लिहिलंय ते लक्षात ठेवतो. मग कोणी विचारलं की सांगतो. हे पहा, त्याला काय मिळते."

तिनं तुझ्या पानाच्या मागची बाजू उघडली. वर तीन-चार ओळी इंग्रजी, एक कोरा डबा, आणि बस. तू चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अन् माझं लिहिलेलं कुठी गेलं?"

"ते यात नाहीच. आधी कोरा डबा येतो. मग जावास्क्रिप्ट येते आणि डब्यात तुमचं लिहिलेलं भरते. आपल्या फोनमध्ये भरल्या जाते म्हणून आपल्याला दिसते. रोबोटला लाखो घरं आहेत. तो डबा पाहतो, कोरा, पुढे जातो. कधी म्हणतो नंतर येऊन भरलेलं पाहू, पण उसका कोई भरोसा नहीं."

मला घंटा समजलं नव्हतं. तू मात्र म्हणाली, "म्हणजे त्या चष्मेवाल्यानं कापडच नाही लावलं अन् नुसती लेस शिवून देल्ली."

प्राचीनं टाळी दिली. "बिलकुल, आई. बिलकुल यही."

"मंग आधी कापड लाव. माझे शब्द पानातच टाक, आल्या आल्या दिसले पाह्यजे. ते मापाचं यंत्र वरून टाक. ते नाही चाललं तरी बाईले वाचता आलं पाह्यजे."

पुढचे दीड-दोन महिने तुम्ही दोघी त्यातच होत्या. ऑफिसातून आली की प्राची चहा घेऊन तुझ्याजवळ. आधी सगळं एकाच पानावर होतं, चित्राला बोट लावलं की आतलं बदलायचं. प्राची म्हणाली, "रोबोट बोट नाही लावत, त्याला दार पाहिजे." मग प्रत्येक ब्लाउजला वेगळं पान, वेगळा पत्ता, आणि पत्त्यापर्यंत जाणारी सरळ लिंक. आधी सगळ्या पानांच्या माथ्यावर एकच नाव होतं, ते बदलून जे आत आहे तेच वर लिहिलं. सगळ्या पानांची एक यादी करून रोबोटसाठी ठेवली. शब्द तू निवडायची. प्राची डॉक्टरचा इंग्रजी शब्द टाकायला गेली तर तू तिचा हात धरला. "बाई दार लावून बसली आहे. तिले हा शब्द येते का? ती लिहीन, 'ऑपरेशन झाल्यावर ब्लाउज कसं शिवायचं.' तेच लिही. खाली हिंदीतबी लिही. दुर्गची बाईबी लेकरूच आहे कोणाचं."

मला चांगलं वाटत होतं तेव्हा. हे मी कधी सांगितलं नाही. तुम्ही दोघी भांडायच्या, हसायच्या, आणि मी समोर बसून त्याच पेपरचं तेच पान वाचत राहायचो. तुझा आजार त्या टेबलावर यायला घाबरत होता.

मग फोटोचा दिवस आला.

फोटो प्राचीनं काढले. तोंड येऊ दिलं नाही, गळ्याखालून. मी आधीच नको म्हटलं होतं, त्यावर आपलं दोन दिवस वाजलं, आणि तू जिंकली. "बाईले दिसलं पाह्यजे जी, घातल्यावर कसं दिसते." ठीक. पण प्राची म्हणाली की रोबोटला फोटो दिसत नाही, फोटोत काय आहे ते शब्दात लिहून द्यावं लागतं. आणि तू खुर्चीवर सरळ बसून, शाळेतल्या बाईसारखी, सांगायला लागली.

"लिही. समोरून फोटो. डावी छाती ऑपरेशनमधी काढलेली बाई. आतून खिसा असलेलं ब्लाउज घातलं आहे. दोन्ही खांदे सरळ."

माझ्या हातातला पेपर मी टेबलावर आपटला.

"हे लिहाचं नाही."

"कावून?"

"कावून म्हणजे? माझ्या बायकोचं अंग गावाले वाचून दाखवाचं का?"

"गावाले नाही जी. रोबोटले."

"अन् तो गावभर सांगन!"

"त्याच्याचसाठी तं लिहून राहिली."

प्राची लॅपटॉपमागे तोंड लपवून हसली. तूही हसली. मी उठून फाटकाबाहेर गेलो. तुला वाटलं, बुढा हरला, येईल फिरून. नेहमीसारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली आणि पावर हाउसला गेलो. हे तुला माहीत नाही. चष्मेवाल्याचं दुकान उघडतच होतं. वेबसाइटच्या चाव्या त्याच्याकडेही होत्या.

मी म्हणालो, "वो ऑपरेशनवाला पन्ना है ना, उस पर टैग लगा दो."

"कौन सा टैग, चाचा?"

"बंद का. कोई अंदर न आए."

"पन्ना हटा दूँ?"

"हटाना नहीं. घरवाली को दिखना चाहिए. बहू को भी. बस सर्च में नहीं आना."

त्याला काय करायचं होतं. त्यानं कुठलीशी फाइल उघडली, दोन ओळी टाकल्या. म्हणाला, रोबोट कोणत्याही साइटवर आला की आधी ही फाइल वाचतो. इथं लिहिलं आहे की या दारातून आत येऊ नको, तर येणार नाही. मी विचारलं, "पक्का? चोरी से नहीं घुसेगा?" तर तो हसला. "शरीफ होता है, चाचा. आदमी नहीं है ना."

येताना राई घेऊन आलो. तू म्हणाली, आज बिना सांगता आठवण राहिली वाटते. मी म्हणालो, हव.

महिन्याभरात तुझी बाकीची पानं सर्चमध्ये यायला लागली. बोटनेकसाठी राजनांदगावच्या पोरीचा फोन आला. कटोरीसाठी नागपूरहून आला. तू फोन ठेवला की नवरीसारखी दिसायची. पण लगेच तोंड उतरायचं, "अन् त्या पानावर आलं का कोणी?" प्राची पाहायची. नाही आई, त्याच्यावर नाही.

तुला वाटलं तूच वाईट लिहिलं. म्हणून पुन्हा लिहायला बसली. तेव्हा आजार परत फिरला होता, डावा हात कोपरापर्यंत सुजलेला. तो उशीवर ठेवायचा आणि उजव्या हातानं वहीत लिहायचं. एकदा सोपं करून लिहिलं. एकदा शब्द बदलून. एकदा आधी हिंदी, मग मराठी. पाचदा लिहिलं, मी मोजलं. पाचव्यांदा वही मिटून म्हणाली, "एवढ्या बाया आहेत, कोणीच विचारत नसन का हो? का मलेच सांगता येत नाई?"

मी समोर होतो. तुझ्यापासून दोन हातांवर. मला म्हणता आलं असतं, तुझं लिहिणं चांगलं आहे, दारावर माझा टॅग आहे. मी म्हणालो, "पाणी आणू का?"

प्लांटमध्ये टॅग राहिला तर जीप पाठवतात. घरात कोण पाठवणार.

प्राचीला सापडलं तेव्हा तुझे शेवटचे आठ दिवस चालले होते, हे आम्हाला माहीत नव्हतं. मी मागच्या अंगणात कूलरची जाळी धूत होतो. ती लॅपटॉप उघडाच घेऊन आली.

"बाबा, ये किसने किया?"

"काय?"

"आईच्या पानावर. मी रोबोटच्या तपासणीत पत्ता टाकला तर म्हणते, याला मनाई आहे. फाइल उघडली तर हे. हे मी नाही टाकलं. आई को तो आता नहीं."

मी जाळी खाली ठेवली. "मी टाकलं. त्या चष्मेवाल्याकडून."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नळ चालू होता, तो तिनं वाकून बंद केला.

"फोटोमुळं?"

"हव."

"बाबा, त्यांनी पाच वेळा लिहिलं."

"मले माहीत आहे."

"मी आत्ता काढून टाकते. दोन ओळी आहेत."

"नाही," मी म्हणालो. "ज्यानं लावला त्यानंच काढायचा असते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि लॅपटॉप धुण्याच्या दगडावर ठेवला. ओले हात मी बनियनला पुसले. कोणतं बटण ते तिनं दाखवलं. एक एक अक्षर मागे जात पुसलं. इंग्रजी होतं, मला वाचता येत नव्हतं, पण मी माझंच नाव पुसतो आहे असं वाटत होतं. मग तिनं काहीतरी दाबलं आणि म्हणाली, रोबोटला निरोप टाकला आहे, पुन्हा येऊन पहा म्हणून. त्याच्या मनाला येईल तेव्हा येईल. दोन दिवस, दोन हप्ते.

"अन् आईला तुम्ही सांगाल. मी नाही सांगणार."

"सांगतो."

आठ दिवस होते माझ्याजवळ. मी रोज तुझ्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसलो. रोज "ऐक ना" पर्यंत आलो. तू डोळे उघडायची, मी चादर नीट करायचो. एका दुपारी, शुद्धीत होती तू चांगली, बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "काय जी. टॅग राहिला का कुठी?"

मी म्हणालो, "नाई."

ते तू नेहमीसारखं म्हणाली, का तुला कळलं होतं? प्राची शपथ घेऊन सांगते, मी नाही सांगितलं. पण तू शिंपीण. उलट्या बाजूनं शिवण पाहून धागा ओळखणारी. तुला कळलं असेल तर तू मला दार उघडून दिलं होतं, आणि मी आत आलो नाही. नसेल कळलं तर तू स्वतःला नापास समजून गेली. दोन्हीतलं कोणतं जास्त वाईट, मी दीड महिना तोलतो आहे. तराजू एका जागी ठरत नाही.

तर हे माझं सांगणं. टॅग मी लावला होता. तुझं पहिल्यांदा लिहिलेलं होतं तेच चांगलं होतं. प्राचीनं आता तुझं सगळं लिहिलेलं वाचलं आणि पहिलंच परत लावलं.

तेरवीनंतर एकदा मी तुझा फोन घेतला, प्राचीनं शिकवलं तसं ते पान उघडलं, आणि फोटो पाहिला. खिडकीशी नेऊन, चष्मा लावून, पूर्ण पाहिला. तू म्हणाली होती ना, एकदा पाहून घ्या. उशीर झाला. पण पाहिला.

आता निरोप.

तुझा फोन मी चार्ज करून ठेवतो, पानावर तोच नंबर आहे. मागच्या आठवड्यात, मी मशीनला तेल देत होतो, तो वाजला. बाईचा आवाज, अगदी हळू.

"ताई आहेत का?"

"नाई. बाहेर गेली."

मला तिचा श्वास ऐकू येत होता. फोन ठेवणार हे कळलं.

"ठेवू नका," मी म्हणालो. "कोणत्या पानावरून फोन केला?"

मग म्हणाली, "ते शेवटचं."

माझे हात तेलाचे होते. मी तिथंच जमिनीवर बसलो. "बाई, तुमी काही सांगू नका. मी काही विचारत नाई. तुमी फक्त ऐका. माझ्यापाशी तिची वही आहे, मी वाचून दाखवतो."

आणि वाचलं. चौथी शिकलेल्या माणसाचं वाचणं ते, अडखळत अडखळत. खिसा आतून, अस्तराला. त्या बाजूला टक्स नाही. मुंढा ढिला. हुक समोरून. मध्येच वाटायचं ती निघून गेली, तर म्हणायची, "हं." शेवटी तिनं एकच विचारलं, राई किती घ्यायची? ते तुझ्या वहीत नाही, तू अंदाजानं घ्यायची. पण पुरचुंड्या भरायला मीच बसायचो ना तुझ्याजवळ. मी म्हणालो, "माप नाई त्याले. थोडी थोडी टाका, घालून आरशासमोर उभ्या राहा. जेव्हा दोन्ही खांदे एका ओळीत दिसतीन, तेव्हा थांबा."

ती म्हणाली, "फोटो पाहूनच फोन केला काका. नाहीतर हिंमत झाली नसती. मी घरीबी कोणाले विचारलं नाई."

मी म्हणालो, नवऱ्याले एकदा पाहू द्या. तो नाही म्हणन, तरी पाहू द्या. हे मला कसं सुचलं कोण जाणे. तिनं फोन ठेवला.

परवा तिचाच पुन्हा आला. आवाज जरा मोठा होता. "ताई आल्या का?"

मी म्हणालो, "नाई अजून." खरं सांगता आलं नाही. तुझं ऑपरेशन तेच तिचं ऑपरेशन. जिचं पान वाचून ही उभी राहिली ती त्याच आजारात गेली, हे तिला मी कोणत्या तोंडानं सांगू? तुझ्याशी बोललेलं खोटं मी आज फेडलं. हे दुसरं राहू दे. हे तू पण बोलली असती.

"मंग त्यायले निरोप द्या," ती म्हणाली.

तो असा आहे. ब्लाउज शिवलं. घालून पाहिलं. ताईले नमस्कार सांगा, अन् म्हणा, खांदा सरळ आला.